‘इलेक्ट्रिकल माल परत घेतला जाणार नाही’

गाड्यांच्या सुट्या भागांच्या कुठल्याही दुकानात जा, काउंटरमागच्या भिंतीवर ही पाटी दिसतेच. कुठे छापील, कुठे पुठ्ठ्यावर मार्करने लिहिलेली. पाटी वाचली की आपण मनात एकच अर्थ लावतो : दुकानदाराला स्वतःच्याच मालाची खात्री नाही, एकदा पैसे गल्ल्यात पडले की हा हात वर करणार. मीही कित्येक वर्षे हाच अर्थ लावत होतो. गेल्या वर्षी आमच्या जुन्या पिकअपसाठी एक अल्टरनेटर घेतला आणि कळले, की या पाटीतली निम्मी अक्षरे दुकानदाराने लिहिलेली नाहीत, ती गिऱ्हाइकांनी लिहिली आहेत. एखादे अक्षर माझ्याही हातचे आहे. त्याबद्दलच हा लेख.

आधी गाडीविषयी. टेल्कोची टाटामोबाईल पिकअप 1988 मध्ये बाजारात आली. आमची 207 त्याच घराण्यातली. टेल्कोचे नाव 2003 मध्ये टाटा मोटर्स झाले, पण अब्बा शेवटपर्यंत तिला ‘टेल्कोची गाडी’च म्हणत. कराडहून भाजी भरून पहाटे पुण्याच्या मार्केट यार्डात जायचे आणि दुपारी रिकामे परत यायचे, असा त्यांचा आणि गाडीचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. आता ती धाकट्या भावाकडे आहे. मंडपाचे खांब, कापड, खुर्च्या वाहते. हौशी लोक असल्या गाड्यांना ‘क्लासिक’ म्हणतात. सरकारदरबारी मात्र तिला तसा काही मान नाही. केंद्राच्या 2021 च्या नियमांप्रमाणे ‘व्हिंटेज’ म्हणवून घ्यायला गाडीचे वय 50 वर्षांच्या वर लागते आणि ती भाड्याने धंदा करणारी चालत नाही. म्हणजे आमची गाडी ना नवी, ना संग्रहालयातली. अशा गाडीचा पार्ट शोरूमच्या काउंटरवर सहजी मिळत नाही. तो बाजारात शोधावा लागतो.

आणि हा शोध इलेक्ट्रिकल पार्टचा असेल, तर तो सर्वांत अवघड.

का अवघड? ब्रेकचा ड्रम झिजलेला असेल तर बोट फिरवून कळते. पाटा मोडला तर आंधळ्यालाही दिसतो. अल्टरनेटर, सेल्फ, रेग्युलेटर, रिले, फ्लॅशर यांचे तसे नाही. वरून सगळे चकचकीत. आत तांब्याची तार किती जाड आहे, कार्बन कितपत शिल्लक आहे, डायोड जिवंत आहे की मेला आहे, हे डोळ्यांना कळत नाही. शिवाय हे भाग एका क्षणात मरतात आणि मरताना बाहेर खूण ठेवत नाहीत. सकाळी दुकानातून चांगला निघालेला रेग्युलेटर दुपारी गॅरेजमध्ये चुकीच्या तारेने जळू शकतो. मग तो दुकानातूनच खराब आला होता की गिऱ्हाइकाने जाळला, हे ठरवायचे कसे? म्हणून ती पाटी.

बाजारात या मालाच्या चार जाती आहेत. पहिली कंपनीच्या खोक्यातली. दुसरी ‘लोकल’, म्हणजे छोट्या कारखान्याने स्वतःच्या नावाने केलेली. तिसरी ‘रिबिल्ट’ : जुने कवच, आत नवे बेअरिंग, नवे कार्बन, कधी नवी डायोड प्लेट, कधी आर्मेचर पुन्हा भरलेले. चौथी भंगारातल्या गाडीवरून काढलेली. पुण्याच्या नाना पेठेत पहिल्या तिन्ही भेटतात. रविवारी आणि बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात चौथीही सापडते. या चारही जातींत लबाडी नाही. लोकल माल घेणे हा गुन्हा नाही आणि विकणेही नाही. गरिबाची गाडी रिबिल्टवरच चालते. लबाडी पाचव्या जातीत आहे : आत लोकल माल आणि वर कंपनीचे छापील खोके. म्हणजे लबाडी वस्तूत नसते, वस्तूविषयी जे सांगितले जाते त्यात असते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो आपल्याच अंगावर येणार आहे.

या लबाडीची किंमत पैशांत मोजून भागत नाही. साधे गणित पाहा. आपल्या गाड्यांच्या हेडलाइटचा नेहमीचा बल्ब 60/55 वॅटचा. डिपरवर दोन बल्बांचे 110 वॅट झाले, 12 व्होल्टला साधारण 9 अँपिअर करंट. लाइटचे बटन आणि त्याची तार तेवढ्याच भाराची. कुणी हौसेने 100 वॅटचे बल्ब लावले की तोच करंट 17 च्या घरात जातो. त्यासाठी वेगळी जाड तार आणि रिले लागतो. आता रिलेवर जो आकडा छापला आहे तेवढा भार तो खरोखर सोसत नसेल, किंवा तार सांगितल्यापेक्षा बारीक असेल, तर ती तापते, वरचे प्लास्टिक मऊ पडते आणि शेजारच्या तारेला चिकटते. फ्यूजच्या जागी कुणी तारेचा तुकडा गुंडाळून ठेवला असेल, तर पुढे काय होते ते सांगायला नको. चालत्या गाडीच्या डॅशबोर्डमधून धूर निघाल्याचे किस्से प्रत्येक ड्रायव्हरकडे असतात. मागे कापड भरलेल्या पिकअपमध्ये तो नुसता किस्सा राहत नाही.

म्हणून दुकानदाराने खरे बोललेच पाहिजे. यात मला काडीचीही शंका नाही. जुम्याच्या बयानातही हे आपण ऐकत आलो आहोत. मदिनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात पैगंबरांनी (स.) हात घातला आणि आतला माल ओला लागला, ती रिवायत तर मदरशातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. पाऊस पडला होता, ही दुकानदाराची सबब खरी होती. तरीही त्यांनी विचारले, की मग ओला माल वर का नाही ठेवला, लोकांना दिसला असता. फसवणारा आपल्यातला नाही, असा त्याचा शेवट. ही गोष्ट मी अनेकदा सांगितली आहे. सांगताना डोळ्यांसमोर नेहमी दुकानदार असायचा. मी स्वतः काउंटरच्या दुसऱ्या बाजूला, सुरक्षित.

आता माझी बाजू.

पहिला प्रसंग माझा नाही, भावाचा. दोन वर्षांपूर्वी गाडीचा सेल्फ खेचेनासा झाला. चावी फिरवली की ‘टक्’ आवाज आणि मग काही नाही. भावाने कराडातच एका दुकानातून रिबिल्ट सेल्फ आणला. दोन दिवस चालला आणि पुन्हा ‘टक्’. भाऊ तावातावाने दुकानात गेला, चार माणसांदेखत दुकानदाराला बोलला, सेल्फ परत करून दुसरा घेऊन आला. तोही आठवड्यात तसाच. शेवटी आमच्या वायरमन चाचांना बोलावले. चाचा अब्बांच्या वयाचे, शाळा चौथीपर्यंत, पण गाडीच्या वायरिंगमधले त्यांचे ज्ञान माझ्या बीएडच्या चारही पुस्तकांपेक्षा जास्त पक्के आहे. त्यांचा एकच मंत्र : “पैले नाप, फिर पार्ट.”

चाचांनी मीटर काढला. एक काडी बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी थेट इंजिनच्या लोखंडावर. भावाला सेल्फ मारायला सांगितला. मीटरने दोन व्होल्टच्या वर आकडा दाखवला. हा आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. म्हणजे सेल्फ ठणठणीत होता, त्याला पुरेसा अर्थ मिळत नव्हता. इंजिनपासून चेसिसला येणारी अर्थची पट्टी लगच्या खाली हिरवी पडून गेली होती. पट्टी बदलली, लोखंड घासून बोल्ट आवळला. सेल्फच्या किमतीपुढे तो खर्च चिल्लर होता.

सेल्फ मस्त फिरला आणि भाऊ खूश झाला. माझ्या मनात मात्र एक प्रश्न राहिला. परत केलेला पहिला सेल्फही चांगलाच होता ना? त्या दुकानदाराला चार माणसांत चोर ठरवले त्याचे काय? मी भावाला म्हणालो, जाऊन सांगून ये. तो म्हणाला, “जाऊ दे भाई, त्याला काय फरक पडतो.” मीही जाऊ दिले. दुसऱ्याची चूक होती तेव्हा जाऊ देणे सोपे होते.

दुसरा प्रसंग गेल्या वर्षीचा, लग्नसराईच्या तोंडावरचा. भाऊ पुण्याहून रात्री परतत होता. खंबाटकी घाट चढताना हेडलाइट पिवळे पडू लागले. डिझेल इंजिनला ठिणगी लागत नाही, त्यामुळे चार्जिंग बंद पडले तरी इंजिन चालत राहते आणि ड्रायव्हरला दिवसा पत्ताच लागत नाही. रात्री दिवे लावले की बॅटरी सगळे सांगून टाकते. घाटाच्या वळणांवर, मागून ट्रक येत असताना, समोरचा रस्ता विझत जातोय, ही कल्पना करून पाहा. भावाने कसाबसा एका ढाब्याच्या कडेला पहाटेपर्यंत मुक्काम केला.

चाचांनी पुन्हा आधी मापले. इंजिन वाढवल्यावर बॅटरीवर 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसायला हवे होते, दिसले 12.1. पट्टा पाहिला, मोठी तार पाहिली. डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा छोटा दिवाही पाहिला, कारण पुष्कळ जुन्या गाड्यांत त्या दिव्यातूनच अल्टरनेटरला जागे करणारा करंट जातो. दिवा उडाला तर चांगला अल्टरनेटरही झोपून राहतो. दिवा ठीक होता. अल्टरनेटरच गेला होता. मला प्रशिक्षणासाठी पुण्याला जायचेच होते. चाचांनी जुना अल्टरनेटर काढून गोणपाटात बांधून दिला. म्हणाले, नाव सांगून पार्ट मागू नकोस, जुना पुढे ठेव. कान किती अंतरावर आहेत, पुलीला घळी किती, प्लेटवर अँपिअर किती, मागे तारांच्या जागा कशा आहेत, सगळे जुळव. एका मॉडेलवरही वर्षागणिक वेगळा माल लागलेला असतो.

नाना पेठेतल्या एका दुकानात मी तो ठेवला. मालक साठीचे. त्यांनी तीन भाव सांगितले : कंपनीचा, लोकल आणि रिबिल्ट. मी रिबिल्ट निवडला. त्यांनी न विचारता सांगितले, “कवच जुनं आहे सर. बेअरिंग, डायोड प्लेट आणि रेग्युलेटर नवं. एक महिना माझी जबाबदारी. पण वायरमनकडूनच बसवा.” मग टेस्ट बेंचवर चढवून, फिरवून, मीटर मला दाखवला. 14.1. मी समाधानाने निघालो. मागे भिंतीवर ती पाटी होती. पाटी असूनही त्यांनी महिन्याची जबान दिली होती.

रविवारी चाचा एका लग्नाला गेले होते. दुसऱ्या दिवशी भावाला मंडपाची ऑर्डर होती. मी म्हणालो, दोन बोल्ट आणि तीन तारा तर आहेत, आपणच बसवू. बसवला. इंजिन सुरू केले, दिवा विझला. सगळे ठीक होते. तिथेच थांबायला हवे होते. पण मला अब्बांची एक सवय आठवली. चार्जिंग होते की नाही हे पाहायला ते चालू इंजिनवर बॅटरीची तार काढत. गाडी चालू राहिली, दिवे टिकले, तर चार्जिंग ठीक. ही युक्ती डायनामोच्या जमान्यातली. अल्टरनेटरवर ती करायची नसते. बॅटरी अचानक सुटली की तयार होणाऱ्या करंटला जायला वाट राहत नाही, व्होल्टेज क्षणभर भलतेच उसळते आणि आतला डायोड किंवा रेग्युलेटर बळी जातो. हे मला तेव्हा माहीत नव्हते. मी तार काढली. हेडलाइट एकदा लख्ख पेटले आणि मंदावले. तार परत लावून मीटर पाहिला : 12.2.

मी भावाकडे पाहिले, भावाने माझ्याकडे. दोघेही काही बोललो नाही.

चार दिवसांनी मी तो अल्टरनेटर पुसून, त्याच खोक्यात घालून, नाना पेठेत परत घेऊन गेलो. एसटीत बसल्या बसल्या मनात वाक्य तयार केले होते : “बसवल्यापासून चार्जच करत नाही.” मालकांनी वाद घातला नाही. बेंचवर चढवला, मग मागचे झाकण उघडले, प्लेटकडे थोडा वेळ पाहिले. एकच प्रश्न विचारला, “चालू गाडीवर बॅटरीची तार काढली होती का?”

मी म्हणालो, “नाही.”

“मग ठीक आहे,” ते म्हणाले. “तुम्ही शिक्षक माणूस, खोटं कशाला बोलाल.” आणि त्यांनी दुसरा काढून दिला, एक रुपयाही न घेता.

इथे कुणाला वाटेल, की प्रकरण तेवढ्यावर मिटले, त्यात काय मोठे. रोज हजारो लोक असे करतात. पण नेमका तोच मुद्दा आहे. घरी आल्यावर चाचांना बसवायला दिला, तेव्हा त्यांनी पहिल्याचे काय झाले ते विचारले. त्यांच्याशी खोटे बोलणे मला जमले नाही, कारण त्यांना पाहताक्षणी कळले असते. त्यांनी पाना खाली ठेवला आणि म्हणाले, “बेटा, पार्ट तो बेजुबान है. उसके साथ क्या हुआ, वो तेरेकूच मालूम.”

या एका वाक्याने मला माझ्याच धर्मातली एक गोष्ट नव्याने समजली. खरेदी-विक्रीविषयी हकीम बिन हिजाम यांच्याकडून आलेली एक प्रसिद्ध हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्ही संग्रहांत आहे. तिचा आशय असा : सौदा करणारे दोघे जर खरे बोलले आणि असेल ते उघड सांगितले, तर त्या सौद्यात बरकत येते, आणि दोघांनी लपवले, खोटे बोलले, तर बरकत उठून जाते. यात सौदा करणाऱ्यांसाठी आलेला अरबी शब्द ‘अल-बय्यिआन’ हा द्विवचनी आहे. अरबीत संस्कृतसारखेच एकवचन, द्विवचन आणि अनेकवचन असते. मराठीने आणि उर्दूने द्विवचन टाकून दिले. भाषा शिकवताना मी हे वर्गात गमतीने सांगतो. पण त्या द्विवचनात विकणारा आणि घेणारा एकाच शब्दात, एकाच पायरीवर उभे आहेत, हे मला सांगायचे कधी सुचले नव्हते. आपल्या बयानांतही ‘दोघे’ हळूहळू गळून पडले आणि एकटा व्यापारी उरला.

फिक्हमध्ये ‘खियार-ए-ऐब’ म्हणून एक हक्क आहे. मालात लपलेला दोष निघाला तर घेणाऱ्याला तो परत करता येतो. पण अट अशी, की दोष सौद्याच्या आधीचा असला पाहिजे. माझ्या अंगणात पडलेला ऐब मी दुकानदाराच्या नावावर लिहू शकत नाही. ऐब हा शब्द मराठीतही आहे. आपण तो फक्त माणसांना लावतो.

आता एक रास्त आक्षेप. दुकानदार आणि गिऱ्हाईक यांना एकाच तराजूत तोलणे योग्य आहे का? दुकानदाराला माल कळतो, आपल्याला कळत नाही. खोट्या खोक्यांचा धंदा करणारे गब्बर होतात आणि खंबाटकीत रात्र काढतो तो ड्रायव्हर. हे खरे आहे, आणि म्हणूनच विक्रीच्या क्षणी बोलण्याची जबाबदारी दुकानदाराचीच मोठी आहे, असे मी म्हणतो. पण विक्रीनंतर पारडे फिरते. पार्ट दुकानाबाहेर पडला की त्याचे पुढे काय झाले, हे फक्त घेणाऱ्याला ठाऊक असते. ज्याला माहीत आहे त्याने सांगायचे, असा जर नियम असेल, तर माल देताना तो दुकानदाराला लागू होतो आणि परत करताना गिऱ्हाइकाला. दुकानदाराची ताकद जास्त म्हणून माझे खोटे खरे ठरत नाही.

आणि त्या खोट्याचा भुर्दंड दुकानदार एकटा भरत नाही. तो पुढच्या गिऱ्हाइकावर जातो. ज्याचा पार्ट खरोखरच दुकानातून खराब निघाला, असा एखादा टेम्पोवाला उद्या परत करायला येतो, तेव्हा त्याला भिंतीवरची पाटी दाखवली जाते. माझ्यासारख्यांनी खोटे बोलून बोलून त्याचे खरे स्वस्त करून टाकलेले असते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष आणि बनावट मालाविरुद्ध दाद मागता येते. पण शे-पाचशेच्या फ्लॅशरसाठी कोण आयोगापर्यंत जातो? त्या टेम्पोवाल्याचा खरा आधार दुकानदाराचा विश्वास हाच होता. तो आपण खर्च करून टाकला.

आपल्या समाजाला हा विषय जरा जास्तच लागू आहे. सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालाने नोंदवले होते, की मुस्लिमांचे मोठे प्रमाण स्वयंरोजगारात आहे आणि किरकोळ व्यापार, वाहतूक, गाड्यांची दुरुस्ती ही त्यातली महत्त्वाची क्षेत्रे आहेत. म्हणजे या काउंटरच्या दोन्ही बाजूंना आपली माणसे उभी आहेत. ‘तुमच्या लोकांकडे माल घेताना जरा जपून’ असे स्टाफरूममध्ये कुणी हसत हसत म्हटले की मला राग येतो, यायलाच हवा. कारण लबाडीला धर्म नसतो. माझ्या या गोष्टीत तर शब्द पाळणारा मालक माझ्या धर्माचा नव्हता, आणि खोटे बोलणारा मी पाच वेळा नमाजला उभा राहणारा. पण रागावण्याचा हक्क टिकवायचा तर आधी आपला सौदा साफ हवा.

मी काय करा म्हणतो? फार मोठे काही नाही. दुकानदारांनी बिलावर मालाची जात लिहावी : कंपनीचा, लोकल, रिबिल्ट की काढलेला. चार अक्षरे लागतात. शक्य तो प्रत्येक अल्टरनेटर आणि सेल्फ गिऱ्हाइकासमोर बेंचवर फिरवून, आकडा त्याच बिलावर टाकावा. घेणाऱ्यांनी आधी मापावे, मग घ्यावे. जुना पार्ट सोबत न्यावा. रिबिल्ट स्वस्तात घेऊन त्याच्याकडून कंपनीच्या हमीची अपेक्षा करू नये. स्वतः बसवताना बिघडवला, तर बिघडवला म्हणून सांगावे. त्यात पैसे गेले तर ते शिकण्याची फी. आणि मशिदीतल्या आपल्या उलेमांना माझी अदबीने विनंती आहे : ओल्या धान्याची गोष्ट सांगा, जरूर सांगा, पण त्या द्विवचनाचाही उल्लेख करा. समोर बसलेल्यांत विकणारे थोडे आणि घेणारे सगळेच असतात.

राहिला माझा हिशेब. महिनाभर टाळाटाळ केली, मग सुट्टीत पुण्याला गेलो. दुकानात गर्दी कमी होईपर्यंत बाहेर थांबलो आणि मालकांना जे झाले ते सांगितले. पैसे पुढे केले. ते म्हणाले, “मला प्लेट बघूनच कळलं होतं.” मी विचारले, मग बोलला का नाहीत? ते म्हणाले, “तुम्ही नाही म्हणालात. मी तिथं नव्हतो. मग विषय संपला.” डायोड प्लेटचे आणि मजुरीचे पैसे त्यांनी मोजून घेतले, उरलेले परत केले. मी भिंतीकडे पाहत म्हणालो, निदान तुमच्याकडे तरी ही पाटी नको होती.

ते हसले. म्हणाले, “राहू द्या सर. सांगायला परत येणारे तुम्ही पहिलेच.”

कराडला उतरल्यावर भावाला फोन केला. सेल्फवाले दुकान अजून उघडे होते. त्याला म्हणालो, चल, मी येतो सोबत.